नऊ बरण्या

आधी पावाच्या दुकानात विचारलं,
मग दातांच्या डॉक्टरनं, माझा जबडा हातात धरून:
जाईल का गं तो?
जसं काही धुताना जर्सीच्या खिशात
त्याचं विमानाचं तिकीट मलाच सापडणार आहे.
जर्सीला खिसा नसतो हो, डॉक्टर.
एवढंसुद्धा सांगता आलं नाही, तोंडात कापूस होता.

सतरा वर्षं या संघाचे कपडे धुते आहे.
हरल्याचा घाम वेगळा येतो म्हणतात.
काहीतरीच. वास तोच, डाग तेच.
फक्त जिंकल्यावर पोरं जर्सी उलटी ओरबाडून फेकतात
आणि हरल्यावर सुलटी काढून घडी घालतात,
परक्या घरी उतरल्यासारखी.
यंदा लागोपाठ चौदा सामने
मला एकही जर्सी सुलटी करावी लागलेली नाही.

स्किरमंतास. अकरा नंबर.
त्याची उंची गावाला रस्ता सांगायला उपयोगी पडते:
तो उभा आहे ना, तिथून डावीकडे.
आमच्या हॉलची फळी डाव्या कोपऱ्यात मेलेली आहे,
चेंडू तिथे उसळत नाही, भिजल्या पावासारखा बसतो.
दुरुस्तीला पैसे नाहीत.
स्किरमंतास समोरच्याला गोडीगुलाबीनं तिकडे नेतो,
चेंडू मेला की अलगद उचलतो
आणि पळत सुटतो.
बारा वर्षांचा असल्यापासून.
स्पेनमधल्या त्या क्लबाची फळी म्हणे सगळीकडे जिवंत आहे.
तिथे ही विद्या कुणाला विकणार?

साखर कारखाना बंद झाला तेव्हा
इथून बसगाड्या भरून माणसं गेली.
माझा आउद्रुस आयर्लंडला गेला, अंधाऱ्या शेडमध्ये मशरूम तोडतो.
त्याला नव्हतं विचारलं कुणी, जाशील का म्हणून.
किती वाजताची बस, एवढंच विचारलं.
एकट्या या पोराच्या जाण्यावर मात्र
अख्खं गाव रात्र रात्र जागतं.
केशकर्तनालयात दोन तट पडले आहेत,
आणि पाद्री योनासबाबा,
ज्यांनी कधी कुणाचं गुपित फोडलं नाही,
तेही परवा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले,
बाई, तुम्हाला काही कळलं का?

कळलं होतं. मंगळवारी.
दर हिवाळ्यात मी त्याला खोकल्यासाठी
दलदलीतल्या क्रॅनबेरीचा मुरंबा देते.
चहात घालून पी, म्हणते. तो नुसताच चमच्यानं खातो.
बरणी परत आणायचं नाव नाही, पाच वर्षांत एकदाही नाही.
मंगळवारी तो धुलाईखोलीच्या दारात वाकून उभा राहिला,
दार त्याला नेहमीच कमी पडतं,
हातात खोकं.
नऊ बरण्या. लख्ख घासलेल्या.
लेबलांचा गोंदसुद्धा नखानं खरवडून काढलेला.

असं कोण करतं?
उसनं कोण फेडतं, सांगा ना.
आउद्रुसनंही जायच्या आदल्या दिवशी
शेजाऱ्याचा हातोडा परत नेऊन दिला होता.

मी म्हटलं, ठेव तिथे, साबणाच्या डब्यांपाशी.
तो म्हणाला, बरं.
यंत्र घुमत होतं, बरं झालं.
काही विचारलं असतं तरी ऐकू गेलं नसतं.

करार शुक्रवारी संपतो.
आज बुधवार, दुपार.
खोकं रिकामं करायला घेतलं.
बरण्या नऊ.
झाकणं आठ.

पुन्हा मोजली. खोकं उलटं केलं,
यंत्राखाली झाडू घालून पाहिलं,
एक जुनं बटण मिळालं, कोच आल्गिसचं.
झाकण हरवूही शकतं माणसाकडून.
ब्रह्मचाऱ्याचं स्वयंपाकघर ते, सिंकखाली गेलं असेल.

दारावर पाववाली उभी आहे, निमित्त टॉवेल मागायचं.
काय गं, जाईल का तो?
मला काय विचारतेस, म्हटलं,
मी कपडे धुते.

आठ बरण्या फडताळात.
नववी इथेच, इस्त्रीच्या टेबलावर,
उघडी.