दोनशे पंचावन्न

बांगवेउलू तळ्याकाठी, साम्फ्याच्या दवाखान्यात,
लशींच्या फ्रिजला खेटून एक स्टूल,
स्टुलावर दान आलेला लॅपटॉप.
पडद्याला कोपऱ्यातून तडा,
एक कळ कुणीतरी उपटून नेलेली.
फ्रिज आणि तो एकाच बोर्डाला लागलेले.
वीज गेली की फ्रिजची वाचा बसते;
हा मात्र बॅटरीवर चाळीस मिनिटं जागा असतो.
तेवढ्यात कुणाला तरी उठवायचं,
एवढंच काम मी त्याला लिहून दिलं.

दर तीस सेकंदांनी एक प्रश्न.

आधी मी बॅटरीला विचारत होतो:
भरते आहेस का?
एका रात्री ती म्हणाली, नाही.
निरोप सुटला.
दोन वाजता सिस्टर न्कांडू वाळूतून अनवाणी धावत आल्या,
डोक्याचा रुमाल अर्धा सुटलेला,
तर दिवे लख्ख, फ्रिज घुमतोय,
आणि पहारेकरी ब्वाल्या त्यांच्याकडे बघतोय,
भूत बघितल्यासारखा.
बॅटरी भरत नव्हती, कारण ती भरलेली होती.

सकाळी त्या ओरडल्या नाहीत.
काट्यावरचं बाळ सावरत म्हणाल्या,
"पोट भरलेलं पोर घास नाकारतं, चिलेशे.
म्हणून काय घरात दाणा नाही?
पोटाला काय विचारतोस. चूल पेटलीय का ते बघ."

मग मी तारेला विचारायला लागलो.
तार मितभाषी.
एक म्हणजे आहे.
शून्य म्हणजे नाही.
त्या वर्षी धरणं आटली होती,
वीज दिवसातून तीनदा जायची,
सिस्टरांचा फोन तीनदा वाजायचा,
बर्फाचे खोके वेळेवर भरले जायचे.
लोक मला रस्त्यात थांबवून सुकवलेले मासे द्यायचे.

पुस्तिकेत तिसरंही उत्तर होतं, तळाशी, बारीक अक्षरात:
दोनशे पंचावन्न.
म्हणजे, माहीत नाही.
मी ते वाचलं होतं.
वाचलं होतं आणि पान उलटलं होतं.
माझ्या ओळीत एवढंच होतं:
शून्य नसेल, तर सगळं ठीक.

ईस्टरच्या आदल्या गुरुवारी ट्रान्सफॉर्मर जळाला.
त्याच संध्याकाळी लॅपटॉपच्या आत काहीतरी बिनसलं.
ब्वाल्या म्हणतो, पिनेत मुंग्यांनी घर केलं होतं.
मला अजून खात्री नाही.
ब्वाल्या सणाला बेटावर गेलेला.
सिस्टर चर्चमध्ये, फोन मांडीवर, गप्प.
आणि तो रिकाम्या खोलीत सांगत राहिला,
माहीत नाही,
माहीत नाही,
चाळीस मिनिटांत ऐंशी वेळा,
आणि मी दिलेले कान ऐकत राहिले:
ठीक आहे, ठीक आहे.
मग तोही विझला.

मंगळवारी कुप्यांवरचे चौकोन काळे पडले होते.
पोलिओच्या बासष्ट कुप्या.
दारात आया बसलेल्या, डोंग्यांतून आलेल्या,
पदरी मुलं झोपलेली.
सिस्टरांनी त्यांना पुढची तारीख सांगितली,
सगळ्यांना मिळून नाही;
एकेकीपाशी वाकून, एकेकीला.
मी स्टुलापाशी ऐंशी ओळींची नोंद वाचत होतो.
त्यानं एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.

आता तिसरी फांदी आहे.
तिथून जाणारा निरोप 'वीज गेली' म्हणत नाही.
म्हणतो: मला कळत नाहीये. येऊन बघा.
महिन्यातून दोनदा तरी जातो.
बहुतेकदा काही झालेलं नसतं.
सिस्टर तरी येतात,
चपला घालून, टॉर्च घेऊन,
फ्रिजच्या दाराला तळवा लावून थांबतात,
आणि मग मला फोन करतात.
"घुमतोय," म्हणतात.
किंवा नुसतंच,
"ये."