अक्षर नसलेला कप्पा

शेजारच्या मॉरीन पोसलथ्वेट बाई
चष्म्याच्या डबीतून नखाएवढं कार्ड घेऊन आल्या
आणि म्हणाल्या, तू लॅबमध्ये आहेस ना, तुला कळेल.

मी रक्ताच्या काचा बघते, फर्नेसच्या हॉस्पिटलात.
कार्डांतलं मला ओ की ठो कळत नाही.
पण बॅरोमध्ये नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार पडतो,
वॉल्नीकडून आलेला वारा दार ढकलत राहतो,
अशा वेळी उंबऱ्यावरच्या माणसाला नाही म्हणवत नाही.

परसात, कंपोस्टच्या पिंपामागे, त्यांनी कॅमेरा बांधलाय.
हेजहॉगसाठी. आपल्या साळिंदराचा
बुटका, भित्रा मावसभाऊ शोभेल असा प्राणी.
रात्री काही हललं की कॅमेरा आपणहून टिपतो.
उन्हाळा गेला, पानं गेली,
बाईंनी अजून एकही फोटो पाहिलेला नाही.

कार्ड घातलं. काहीच नाही.
काढलं, फुंकलं, घातलं. काहीच नाही.
(फुंकू नये म्हणतात, थुंकी उडते. आपण फुंकतोच.)
कडेची इवलीशी खिटी खाली होती, ती वर केली.
दुसरी खाच. दुसरी केबल.
मग निहारचा शाळेचा लॅपटॉप. तो म्हणाला,
वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल, करू?
म्हणजे आत यायचं तर सगळं विसरून ये.
मी रद्द दाबलं.
बाई म्हणाल्या, फार उद्धट आहे गं हा.

मग निहारचं खोडरबर.
सोनेरी पट्ट्यांवरून, हलक्या हाताने, एकाच दिशेने,
जसा मी काचेवर थेंब ओढते.
वरून स्पिरिटचा बोळा.
ते वाळेपर्यंत चहा.
यात आलं आहे का, बाईंनी विचारलं.
तिसऱ्यांदा.

या खेपेला यादीच्या पार तळाशी एक पट्टी उगवली.
बत्तीस जीबी, ठणठणीत,
फक्त पुढे अक्षर नव्हतं.
म्हणजे ते केव्हाचं आत येऊन बसलं होतं,
हाक कशी मारायची एवढंच अडलं होतं.
सी, डी गेलेत, मी म्हटलं, कुठलं देऊ?
के दे, बाई म्हणाल्या.
का ते त्या बोलल्या नाहीत.

चौदाशे बारा फोटो.
बहुतेक नुसतं गवत.
कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं, त्यामुळे सगळ्या रात्री
कुठल्यातरी जुन्या जानेवारीतल्या.
एक मांजर. दोरीवर फडफडलेली उशीची खोळ.
आणि मग तो! पाठमोरा, ओलाकच्च, घाईत,
जणू शेवटची बस चुकतेय.
बाईंनी टाळी वाजवली. निहारसुद्धा उठून आला.

नंतर, तीन वाजून चौदा मिनिटांनी, एक बाई.
राखाडी गवतात अनवाणी,
झग्याची एक बाही कोपरापर्यंत सरकलेली,
हातात लाकडी डाव,
डोळे म्हणजे दोन पांढरे ठिपके, हेजहॉगचे होते तसेच.
ही कोण? बाई म्हणाल्या. माझ्या परसात?
मी पुढचा फोटो उघडला. तीच.
त्याच्या पुढचा. तीच, पाठमोरी.

निहार न सांगता आत गेला.
चहावर साय धरली.
झगा माझा आहे, बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या.
आणि मग, हळूच:
ते मघाचं बटण, सगळं पुसणारं, अजून आहे का?

आहे. पण त्यात हेजहॉगही जाईल.

त्यांनी डबी उघडली, मिटली, उघडली.
राहू दे तर मग.
कार्लाइलला फोन करून ट्रेसीला मात्र सांगू नकोस.
मी हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही.
कार्ड रीतसर बाहेर काढलं,
डबीत ठेवलं, त्यांना दारापर्यंत सोडलं.
दार त्यांचंच आहे ना, हे त्यांनी नंबर वाचून पाहिलं.

रात्री तीनला जाग आली.
मी परसाकडचा दिवा लावला
आणि माझ्या चपला शोधू लागले.