तीन सेकंद

कोचबाईंनी सांगितलं होतं :
वाक्य संपलं की तीन सेकंद थांबा.
खांदे सैल. हात खिशाबाहेर.
'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' गाळा.

बाणेरच्या काचेच्या खोलीत
माझाच व्हिडिओ मला दाखवला.
मान हलतेय, नंदीबैलासारखी,
वरच्यांच्या प्रत्येक आकड्याला.

मग महिनाभर गाडीत सराव.
नाशिक फाट्याच्या सिग्नलला
शेजारचा रिक्षावाला बघत राहायचा,
हा एकटाच कुणाची समजूत घालतोय.

आज भोसरीत, दुसऱ्या पाळीसमोर,
"प्रेस लाइन चाकणला हलतेय," म्हणालो.
"सगळ्यांना नेता येणार नाही."
आणि थांबलो.
एक.
कॉम्प्रेसरनं हवा सोडली.
दोन.
हेंद्रे हातमोजे काढू लागले,
एकेक बोट सोडवत, सावकाश,
जसं घरी जायच्या वेळी काढतात.
तिसरा सेकंद मला मोजता आला नाही.

"किती जण, साहेब?"
मागून कुणीतरी.

उत्तर नवव्या स्लाइडवर होतं,
हिरव्या पट्टीत, छान गोलाकार.
रिमोट खिशात टाकला. हातही तिथंच राहिला.
"म्हणजे... एकेचाळीस," म्हणालो,
आणि आवाज मध्येच चिरकला.

हेंद्र्यांनी पायानं एक स्टूल
माझ्याकडे सरकवलं.
"बसा," म्हणाले.
"आता बोला."