सव्वातीन घनफूट

सहलीच्या फॉर्मवर पहिला रकाना असतो : ठिकाण.
मी लिहिलं, शाळेच्या मागे.
अंतर : सहा मिनिटं. वाहन : पाय.
चालकाचा परवाना क्रमांक कोरा सोडला
तेव्हा बाईंनी चष्म्यावरून बघितलं,
"मागे काय आहे, खाडे सर?"
"लाकूड," म्हणालो,
"आठवीच्या पुस्तकात त्याला वृत्तचिती म्हणतात."

भवानी पेठ, टिंबर मार्केट.
दहाचं ऊनसुद्धा करवतीतून निघालेलं, भुरभुरीत.
फळ्यांच्या थप्प्यांमधून एकामागे एक चौतीस पोरं,
आणि वाट मला नाही, त्यांना माहीत :
"सर, इकडून नको, कुत्रं आहे."
बुशरा पुढे जाऊन कुणाशी तरी बोलून आली.
कुत्रं बांधलं गेलं.

यासीनभाई मापाडी सागाच्या ओंडक्यावर बसलेले,
कानामागे पेन्सिल, बोटाला सुतळी.
मी म्हटलं, पोरांना घनफळ दाखवा.
"ते काय असतं?"
मग त्यांनी सुतळी ओंडक्याभोवती फिरवली,
घेर आला चार फूट. नखानं धरली,
दुमडली, पुन्हा दुमडली,
टेपवर ठेवली :
"एक फूट. एकाला एक. लांबी बारा.
बारा घनफूट. लिहा."

"सर, यात पाय कुठंय?"
प्रज्योतला राहवेना.
वहीच्या मागच्या पानावर
बावीस भागिले सात करत, ओठ हलवत,
त्यानं पुस्तकाच्या रीतीनं मांडलं.
सव्वापंधरा.
खोडलं, परत केलं. सव्वापंधराच.
पोरं माझ्याकडे बघायला लागली,
मी यासीनभाईंकडे,
यासीनभाई ओंडक्याकडे.

"त्याचं बरोबर आहे," ते म्हणाले.
"पण गोल लाकडाची चौकट होते का?
चौकोन काढायचा तर कडा जाणार.
जे जाणार, ते गिऱ्हाइकाच्या माथी मारायचं नाही."

सव्वातीन घनफूट.
जातं कुठं, हे मला सुचायला हवं होतं.
सुचलं आकांक्षा लोंढेला,
आणि ती विचारून थांबली नाही, निघालीच.
तिच्यामागून आम्ही करवतीपाशी,
कानांत बोटं घालून;
तिथून पोत्यांमागे, पोत्यांतून हातगाडीमागे.
भुशाची दोन पोती बेकरीच्या मागच्या दाराशी उतरली,
एक कोंबडीवाल्याकडे, खुराड्यात पसरायला.
साली आणि ढलप्या उरल्या,
त्या घेऊन गाडी काशेवाडीत शिरली
तसा सुमेध मागे मागे राहू लागला.

शेवटी त्यालाच सांगावं लागलं,
"सर, हे आमचं घर."
दारात तांब्याचा बंब, पोचे पडलेला.
त्याच्या आईनं ओले हात पदराला पुसले,
"शाळा सुटली का?"
"नाही," मी म्हणालो, "चालू आहे."
तिनं रांगेवर नजर फिरवली,
"मग एवढ्यांचा चहा कसा मांडू?"
पातेल्यात किती मावतो आणि पेला केवढा,
यावर पाच मिनिटं भांडण झालं.
बंबाचं झाकण सुमेधनं स्वतःहून उघडलं.
आत लाल.
कोणी काही बोललं नाही. प्रज्योतनं डोकावून बघितलं
आणि वहीत काहीतरी लिहिलं.

परतायला दीड तास उशीर.
भूगोलाचा तास बुडाला; वाघचौरे सर
अजून माझ्याशी तुटक बोलतात.

पुढे सहामाहीत प्रश्न चौथा आला,
पाण्याच्या टाकीचा, तीन गुणांचा.
टाकी लोखंडी, वृत्तचितीच.
तेहतीस पेपर सरळ होते :
बरोबर ते बरोबर, चुकीचे ते चुकीचे.
बुशरानं सूत्र लिहिलं, किमती ठेवल्या,
उत्तराखाली पट्टीनं दोन रेघा मारल्या.
आणि त्याखाली, समासाला चिकटून, बारीक अक्षरात :

टाकी आहे म्हणून पूर्ण धरली.
लाकूड असतं तर एवढं मिळालं नसतं.
बाकीचं सुमेधच्या घरी.

लाल पेन बराच वेळ हातात होतं.
गुण दिले.
किती, ते बाईंना अजून सांगितलेलं नाही.