खाते क्रमांक चारशे बारा

सतरा वर्षं मी घोडपदेवात
लोकांची बचत गोळा करतो.
खांद्याला पतपेढीची बॅग, हातात पावतीचं मशीन
आणि तोंडात दोनच शब्द: आज किती?

इस्त्रीवाला रामसजीवन पन्नास देतो,
नोट गरम असते.
घाडीबाई अबोलीच्या टोपलीखालून वीस काढते,
नोट ओली.
चावीवाला हनीफ रोज म्हणतो, उद्या या,
आणि मी वळलो की हाक मारून तीस देतो.
वीस-वीस करत घाडीबाईचा मोतीबिंदू निघाला,
रामसजीवनच्या गावच्या घराला स्लॅब पडला.
मी पाहिला नाही तो स्लॅब,
पण त्याची प्रत्येक वीट माझ्या हातून गेली.

माझं म्हणाल तर
कमिशन दहा तारखेला येतं,
पंधराला त्याची आठवणही नसते.
पूर्वी शंभराची नोट मोडताना जीव खालीवर व्हायचा.
हल्ली अंगठा टेकवला की झालं,
पैसे जाताना पायांचा आवाजसुद्धा करत नाहीत.

मागच्या जानेवारीत डायरी केली होती,
औषध कंपनीची, गुळगुळीत कागदाची.
चहा बारा, रिचार्ज दोनशे नव्व्याण्णव,
मेव्हण्याला हातउसने एक हजार.
नऊ तारखेनंतर पानं कोरी.
आता शैला तिच्यात दुधाचे खाडे लिहिते.

यंदा एकतीस डिसेंबरला, रात्री बारा वाजता,
बंदरातल्या बोटींचे भोंगे सुरू झाले
तेव्हा शैला म्हणाली,
अख्ख्या घोडपदेवला पासबुकं वाटलीत,
आपलं दाखवा की एकदा.
भोंगे बराच वेळ चालले.
बरं झालं.

सकाळी पतपेढीत जाऊन फॉर्म भरला.
खातेदार: विश्राम गवस.
एजंट: विश्राम गवस.
मॅनेजर हसले. म्हणाले, गवस,
स्वतःचे पैसे घेऊन पळू नका म्हणजे झालं.

तेव्हापासून रोज रात्री
घरात शिरण्याआधी, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर,
पाण्याच्या टाकीपाशी थांबतो
आणि मला विचारतो, आज किती?
चाळीस, मी म्हणतो.
मशीन कुरकुरतं, पावती निघते,
मी फाडून माझ्या हातात देतो.
समोरची पोरं मोबाईलमधून मान वर करतात,
मग परत खाली घालतात.

सहाव्या वसुलीला मी मला म्हणालो, उद्या या.

आता हे शब्द मी सतरा वर्षं ऐकलेत.
ज्याच्याकडे खरंच नसतात
तो बोलताना तुमच्या डोळ्यांत बघतो.
ज्याच्याकडे असतात, तो गल्ल्याकडे बघतो.
मी खिशाकडे बघितलं होतं.

मग जुना उपाय केला.
वाद घालायचा नाही, समजावायचं नाही,
गिऱ्हाइकाच्या दारात नुसतं बसून राहायचं.
पायरीवर बसलो.
आतून फोडणीचा वास आला, बातम्या सुरू झाल्या, संपल्या.
शेवटी वीस निघाले.
कुरकुरत का होईना, निघाले.
ज्यानं दिले त्याचा राग आला
आणि ज्यानं घेतले त्याचाही.

आज तेवीस तारीख, सातशे ऐंशी रुपये.
एवढ्यात काय होतं, मला माहीत आहे.
एवढ्यात काय होत नाही, तेही.
पावत्या शैलानं तांदळाच्या डब्यात ठेवल्यात.
त्या कागदावरची अक्षरं दोन महिन्यांत उडतात, म्हटलं.
ती म्हणाली, उडू देत, तांदूळ निवडताना हाताला लागतील.

उद्या रविवार.
रविवारी वसुली नसते.
बॅग खिळ्याला, मशीन चार्जिंगला,
आणि मी दिवसभर मोकळा, खिशात हात घालून.

रविवारची मला भीती वाटते.