पटावर तेवीस

तालुक्यावरून आराखड्याचा नमुना आला.
अकरा पानं, दोन प्रती, शुक्रवारपर्यंत.
आग, भूकंप, वादळ, दरड, सर्पदंश
आणि ‘इतर’साठी अर्धी ओळ.
पट्टी लावून मी शाळेचा नकाशा काढला :
दोन खोल्या, पडवी, खिचडीची शेड.
समुद्राच्या बाजूला काय काढणार,
तिथे कागद कोरा सोडला.

‘जमण्याची सुरक्षित जागा’ असा रकाना होता.
मैदान लिहिलं असतं, पण मैदानात
उधाणाच्या दिवशी कुर्ल्या फिरतात.
मग लिहिलं, सहाण.
शिमग्यात पालखी टेकते ती, सड्याच्या कडेला,
ब्याऐंशी पायऱ्यांची पाखाडी चढून.
पायऱ्या मी स्वतः मोजल्या. दोन हलत होत्या.
ग्रामपंचायतीला पत्र दिलं. पोच मिळाली.

पहिल्या सरावाला फजिती झाली.
आमची घंटा म्हणजे उंडीला टांगलेला रुळाचा तुकडा
आणि घंटेचा अर्थ मुलांना एकच ठाऊक.
दप्तरं उचलून सगळी घरी पळाली.
सहाणेवर मी एकटी, हातात पट,
आणि खालून नाटेकर गुरुजी ओरडतायत,
“अरे सुटली नाही! संकट आलंय, संकट!”

मग ठरवलं, तीन टोले, थांबून पुन्हा तीन.
जोड्या लावल्या.
मिस्बाहला ऐकू येत नाही,
तर जुईलीने तिच्या मनगटावर तीनदा टिचकी मारायची.
सुमतीकाकूंनी आधी गॅस बंद करायचा, मग खिचडीचं बघायचं.
अकरा जोड्या झाल्या. ओजस उरला.
तो दर वेळी चपलांसाठी मागे फिरायचा,
म्हणून फळ्यावर लाल खडूने लिहिलं,
मागे फिरायचं नाही.
चार मिनिटं वीस सेकंद. पुढच्या खेपेला तीन पन्नास.
गुरुजींनी गूळ-शेंगदाणे वाटले.

पिठोरी अमावस्येला लख्ख ऊन होतं.
ना वारा, ना बंदरावर बावटा, ना मोबाईलवर निरोप.
अकरा चाळीसला खारभूमीचा बंधारा फुटला
आणि पाणी मी कोऱ्या सोडलेल्या बाजूने आलंच नाही.
मागून आलं, भाताच्या खाचरांतून,
आवाज न करता,
पाहुण्यासारखं पडवीत थांबून मग आत.

तीन टोले. थांबून तीन.
टिचकी. गॅस. पाखाडी.
सावली आडिवरेकर मागे फिरली
आणि मी ओरडले, कशी ओरडले ते आता आठवत नाही,
ओजसवरही इतकी कधी ओरडले नव्हते.
ती ऐकली नाही.

सहाणेवर मोजली. चोवीस.
पुन्हा मोजली, डोक्याला हात लावत लावत.
चोवीस.
कमी भरली तर काय करायचं ते पान सातवर होतं.
जास्त भरली तर?

सावलीच्या कडेवर तीन वर्षांचा, नाकाला शेंबूड,
गप्प.
“बाई, यो रोजच येतो.
आवस जेटीवर मासळी निवडते, मग घरी कोन?
कपाटामागं बसतो. सांगितलंय त्याला, हलायचं नाय.
तुमी कधी बघलात नाय.”

रोजच.
म्हणजे चार वीसलाही. तीन पन्नासलाही.
आम्ही वर गूळ खात होतो तेव्हाही
तो खाली,
टोले ऐकत, न हलता.

ओहोटी लागल्यावर मी खाली गेले.
कपाटामागे भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती,
माझ्या मांडीपर्यंत.
तिथे एक खडूचा तुकडा विरघळलेला,
आणि वाळूत एक चप्पल, ओजसची.

आराखडा सुधारून पाठवला.
दिशा बदलल्या, कोऱ्या बाजूला खाडी काढली,
‘इतर’च्या अर्ध्या ओळीत लिहिलं,
कपाटामागे बघणे.
ओजसला जोडीदार दिला.

आठवड्याने प्रत परत आली, शेऱ्यासह :
पट तेवीस, जोड्या बारा कशा?
खुलासा करावा.