पाच वाजताची रात्र

ऑगस्टात बफेलोमध्ये आठ-साडेआठपर्यंत उजेड रेंगाळतो.
मुलं सायकली घेऊन रस्त्यावर, आईस्क्रीमची गाडी घंटा वाजवत फिरतेय,
आणि मी काचघरामागच्या शेडमध्ये
पाचच्या ठोक्याला काळा पडदा ओढते
सहाशे कुंड्यांवर.

शेवंतीला रात्र लांब लागते.
रात्र लांबली की तिला वाटतं, थंडी आली, आता फुलायला हवं.
पहिल्याच दिवशी डोरोटा म्हणाली,
आपण खोटं नाही बोलत, खरं तेच जरा आधी बोलतो.
तीस वर्षं ती हे करतेय.
नखांतली माती आता धुऊनही निघत नाही,
चर्चला ती तशीच जाते.

घरीही तसाच एक पडदा आहे.
श्रीरंग रात्रपाळी करून सकाळी सातला येतो,
उभ्याउभ्याच दूधपोहे खातो.
मी खिडकीवर रात्र चढवते, कडांना चिकटपट्टी,
दाराखाली टॉवेल.
आतून आवाज येतो, पुरे, झाला अंधार.
मग मी माझ्याच घरात
चोरासारखी भांडी घासते.

ऑक्टोबरात हॉल उघडला.
पिवळ्या, विटकरी, जांभळट,
काही कठड्यावरून धबधब्यासारख्या सोडलेल्या,
काहींच्या देठावर नारळाएवढं एकच फूल
(बाकी कळ्या आम्ही उन्हाळाभर खुडत होतो).
लोक म्हणाले, किती वेळेवर!
एका म्हाताऱ्यानं टोपी काढली,
का, ते त्यालाच ठाऊक.

मागे शेडमध्ये एक कुंडी उरली, हिरवीगार.
पानं दांडगी, कळी नावालाही नाही.
डोरोटा पडद्यावरून हात फिरवत गेली, थांबली,
करंगळी आरपार घातली.
एवढीशी फट. पलीकडे पार्किंगमधला दिवा.
सगळ्यांची रात्र झाली,
हिची झालीच नव्हती.

नोव्हेंबरअखेर हॉल बदलतो.
दोन दिवस दाराला पाटी, आत आम्ही सहाजण आणि ढकलगाड्या.
शेवंत्या खताच्या ढिगावर, निम्म्या अजून टवटवीत.
त्यांच्या जागी पॉइन्सेटिया,
त्याही कुठेतरी अंधारात लाल केलेल्या.
शीतघरात ट्यूलिपचे कांदे आठवडे मोजत पडलेत.
मी ती हिरवी कुंडी कोटात गुंडाळली.
डोरोटानं पाहिलं, आणि पाठ फिरवून
पाण्याच्या पाईपचं वेटोळं करत बसली,
आधीच केलेलं.

आता ती आमच्या ओट्यावर, सिंकशेजारी.
बाहेर सरोवरावरून आलेला बर्फ गुडघाभर,
पाचला खरीखुरी रात्र पडते, कुणी न ओढता.
पण मी दिवा लावते,
तो उठतो, आम्ही जेवतो, मी त्याचा डबा भरते.
काल त्यानं विचारलं, हिला पडदा नाही लागत?
म्हटलं, लागतो.
पण एवढा तासभर तरी
आपण एकमेकांना दिसायला नको का?
तो काही बोलला नाही.
एका पानावरची धूळ त्यानं अंगठ्यानं पुसली.

आज एका फांदीचं टोक जरा जाडसर वाटतंय.
पान असेल.